दोन सेकंदांचा टाइमआउट ८९ दिवसांचा कसा झाला

"ओ साहेब, टेंपरेचर सकाळधरनं हलंना झालंय. चार पॉइंट दोन म्हंजे चार पॉइंट दोनच."

८ मे २०१८, मंगळवार, संध्याकाळचे पावणेसात. फोन तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमधून, तिथले मॅनेजर काका. आत बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत रचलेले, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आम्ही बनवलेलं डबडं दिवसभर एकच आकडा दाखवत बसलेलं. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारं पॅनल वेगळं होतं, आमचं डबडं फक्त तापमान मोजायचं आणि सर्व्हरला पाठवायचं, म्हणून माल वाचला आणि माझी नोकरीपण वाचली. सर्व्हरवर "डेटा येत नाहीये" असा अलार्म होता की, पण तिकडचं नेटवर्क रोज तासन्तास गायब व्हायचं त्यामुळे तो अलार्म आम्हीच कंटाळून म्यूट करून ठेवलेला. असो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात टीममधल्या एका पोराने रिव्ह्यूला कोड टाकला, त्यात त्याने सगळीकडे साधं लॉक, म्हणजे एका वेळी प्रोग्रॅमच्या एकाच भागाला आत सोडणारं, काढून टाइमआउटवालं, म्हणजे ठराविक वेळ थांबून नाद सोडणारं लॉक लावलं होतं. विचारलं का रे बाबा, तर म्हणे "सर, आता डेडलॉकची भानगडच नाही ना, अडकलं तर दोन सेकंदात सुटेल." डेडलॉक म्हणजे दोघं एकमेकांच्या हातातल्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं. शब्द न शब्द हेच वाक्य मी २०१८ साली बोललो होतो. त्याला अर्धा तास गोष्ट सांगितली, आणि मग वाटलं लिहूनच काढू, कारण पुढच्या वर्षी परत कोणीतरी हेच करणार आहे.

म्यूटेक्स, म्हणजे हेच लॉक, काय असतं हे संडासाच्या कडीचं उदाहरण देऊन मी सांगणार नाहीये, ते सगळ्यांनी दिलंय. तुम्हाला थ्रेड, लॉक, अनलॉक एवढं माहिती आहे असं धरून चालतो.

डबड्याच्या आत एक छोटा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि आमचा सीमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम. त्यात तीन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी तीन कामं, महत्त्वाचे. पहिला वाचणारा, आरएस ४८५ च्या, म्हणजे अनेक उपकरणं जोडता येणाऱ्या, एका वायरवर सोळा सेन्सर लटकवलेले, त्यांना मॉडबस नावाच्या बोलीत एकेक करून विचारत जायचं "तुझं किती, तुझं किती". दुसरा पाठवणारा, तो जीएसएमवरून सर्व्हरला डेटा द्यायचा. तिसरा सेटिंगचा, सर्व्हरकडून काही बदल आले, घड्याळ दुरुस्त करायचं असलं, तर ते हा करायचा. लॉक दोन होती. एक त्या वायरचं, म्हणजे एका वेळी एकानेच वायरवर बोलायचं, त्याला बस लॉक म्हणू. दुसरं मेमरीतल्या बफरचं, जिथे रीडिंग जमा व्हायची.

वाचणारा थ्रेड काय करायचा, तर बस लॉक घ्यायचा, सेन्सर वाचायचा, आणि बस लॉक हातात असतानाच बफर लॉक घेऊन रीडिंग आत टाकायचा. सेटिंगचा थ्रेड उलटा. तो आधी बफर लॉक घ्यायचा, कारण घड्याळ बदलत असताना कोणी बफरमध्ये चुकीची वेळ लिहू नये, मग घड्याळ बदलायचा, आणि मग नवीन वेळ साइटवरच्या डिस्प्लेला सांगायला बस लॉक मागायचा, कारण डिस्प्लेपण त्याच वायरवर. बघा म्हणजे, एकाच्या हातात बस आणि त्याला बफर पाहिजे, दुसऱ्याच्या हातात बफर आणि त्याला बस पाहिजे. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला कॉफमनच्या चार अटी पाठ करून लिहिलेल्या, १९७१ सालचा शोधनिबंध तो, चार अटी एकत्र आल्या की डेडलॉक होऊ शकतो. दहापैकी नऊ मार्क मिळाले होते त्या प्रश्नाला. आणि नोकरीत स्वतःच्या हाताने चारही अटी एका फाइलमध्ये पूर्ण करून ठेवल्या.

तर हा डेडलॉक मे महिन्याच्या आधीच एकदोन साइटवर झाला होता, पंधरावीस दिवसांतून एकदा डबडं गप्प व्हायचं, कोणीतरी वीज बंद-चालू केली की परत सुरू. मला कारण सापडलं होतं, पण नीट दुरुस्त करायचं म्हणजे वाचणाऱ्या थ्रेडची सगळी रचना बदलायची, आणि त्या आठवड्यात दुसरी डिलिव्हरी होती. म्हणून मी जुगाड केला. सीच्या थ्रेड लायब्ररीतल्या पीथ्रेड म्यूटेक्स लॉक या फंक्शनच्या जागी पीथ्रेड म्यूटेक्स टाइम्डलॉक. अडकलं की ठराविक वेळाने फंक्शन परत येईल, ईटाइम्डआउट देईल, लिनक्सवर तो आकडा ११०, मग आपण बघू काय करायचं ते.

"मग आपण बघू" इथेच सगळं आहे खरंतर, पण ते मला नंतर कळलं.

त्याआधी एक छोटी फजिती. पहिल्यांदा मी टाइमआउट अर्ध्या सेकंदाचा ठेवला. या फंक्शनला "किती वेळ थांबू" असं सांगता येत नाही, "कधीपर्यंत थांबू" असं सांगावं लागतं, म्हणजे आत्ताची वेळ घ्या, त्यात अर्धा सेकंद मिळवा, आणि तो नेमका क्षण द्या. वेळ दोन भागांत असते, सेकंद वेगळे आणि नॅनोसेकंद वेगळे. मी नॅनोसेकंदात सरळ पन्नास कोटी मिळवले आणि झालं म्हटलं. हातचा घ्यायला विसरलो! दुसरीतली बेरीज. नॅनोसेकंदाचा आकडा ९९,९९,९९,९९९ च्या वर गेला की फंक्शन ईइनव्हॅल देतं, आकडा २२, म्हणजे "हे काय दिलंयस मला". आणि मजा अशी की लॉक मोकळं असेल तर ते लगेच मिळतं, वेळ बरोबर आहे की चूक हे तपासलंच जात नाही. म्हणजे लॉकसाठी खरंच थांबायची पाळी आली, आणि त्याच वेळी सेकंदाचा दुसरा अर्धा भाग चालू असला, तरच चूक दिसणार. माझ्या टेबलावर एकदाही दिसली नाही. आणि दिसली असती तरी मला कळलं नसतं, कारण मी शून्य, म्हणजे लॉक मिळालं, ते सोडून काहीही आलं की "टाइमआउट झाला" असंच धरत होतो. आमच्या सिनियरने, ज्याला सगळे दादा म्हणतात, त्याने कोड बघून फक्त एवढंच विचारलं की बावीस आणि एकशे दहा तुला सारखेच वाटतात का रे.

एका जागी तर मी परत आलेला आकडा बघितलाच नव्हता. म्हणजे टाइमआउट झाला, लॉक मिळालंच नाही, तरी कोड निवांत पुढे, बफरमध्ये लिहिलं, आणि शेवटी अनलॉक. कोणाचं अनलॉक? दुसऱ्याच थ्रेडने घेतलेलं! साध्या प्रकारचा म्यूटेक्स लिनक्सवर कोण उघडतंय हे बघत नाही, पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाच्या, हिशोबाने असं करणं म्हणजे काय होईल ते सांगता येत नाही, आणि प्रत्यक्षात काय होतं तर लॉक मुकाट्याने उघडतं आणि आता दोघंजण आत. म्यूटेक्स बनवताना एररचेक प्रकारचा बनवला तर हेच अनलॉक ईपर्म देऊन नकार देतं. तेव्हापासून मी डेव्हलपमेंटच्या बिल्डमध्ये एररचेकच ठेवतो, थोडा हळू असला तरी.

बरं, या दोन गोष्टी दुरुस्त केल्या, टाइमआउट दोन सेकंद केला, आकडे नीट तपासले. आता टाइमआउट झाल्यावर करायचं काय? वाचणाऱ्या थ्रेडमध्ये सोपं होतं, बफर लॉक दोन सेकंदात मिळालं नाही तर ते रीडिंग सोडून द्यायचं, बस लॉक सोडायचं, आणि पुढच्या फेरीत परत यायचं. एक रीडिंग गेलं तर कोणी मरत नाही. सेटिंगच्या थ्रेडमध्ये मात्र घड्याळ आधीच बदललेलं असायचं, ते अर्धवट सोडून कसं द्यायचं म्हणून मी तिथे लूप लावला, बस लॉक मिळालं नाही, लॉगमध्ये एक ओळ लिही, परत दोन सेकंद थांब, परत ओळ लिही. आणि हा लूप चालू असताना बफर लॉक त्याच्या हातातच.

म्हणजे टाइमआउट असूनही हा गडी हातातलं काही सोडायचाच नाही. फक्त दर दोन सेकंदांनी ओरडायचा. डेडलॉक होता तसाच, आता त्याला आवाज आला एवढंच. पण टेस्टिंगमध्ये हे कधी दिसलंच नाही, कारण समोरचा वाचणारा थ्रेड शहाणा होता, तो दोन सेकंदांनी बस सोडायचा आणि मग याचं काम व्हायचं. एकजण हट्टी आणि एकजण समजूतदार असला की संसार चालतो तसा तो प्रोग्रॅम चालला, दीड महिना.

आता परत ८ मे. फोन ठेवला, लॅपटॉप उघडला. डबड्यापर्यंत जायचा रिमोट रस्ता आमच्या प्रोग्रॅमपासून वेगळा होता, त्यामुळे आत शिरता आलं. लॉग उघडला तर खालपासून वरपर्यंत एकच ओळ, "बस लॉक मिळालं नाही, पुन्हा प्रयत्न". सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांपासून, दर दोन सेकंदांनी एक. नऊ तासांच्या सोळा हजारांच्या वर ओळी. मी आधी एकटाच हसलो, मग हसू गेलं, कारण याचा अर्थ समोरचा समजूतदार थ्रेड आज समजूतदार राहिला नव्हता. का? त्याला तर दोन सेकंदांचा टाइमआउट आहे. मीच लावलाय.

बोर्डवर जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या पोटात डोकावायचा डीबगर, टाकून ठेवला होता, आयुष्यात घेतलेल्या मोजक्या शहाण्या निर्णयांपैकी एक. चालू प्रोसेसला जोडला, सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये उभा आहे ते, काढला. सेटिंगचा थ्रेड टाइम्डलॉकमध्ये, अपेक्षेप्रमाणे. वाचणारा थ्रेडपण टाइम्डलॉकमध्ये, बफरसाठी थांबलेला. म्यूटेक्सच्या पोटात ओनर म्हणून एक आकडा असतो, ज्याने लॉक घेतलंय त्या थ्रेडचा नंबर, तो छापून बघितला, एकाचं दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचं पहिल्याकडे, चित्र स्पष्ट. पण वाचणारा दोन सेकंदांनी बाहेर का नाही येत? दोनतीन वेळा जीडीबी सोडला, परत जोडला, प्रत्येक वेळी तो तिथेच, आणि दरवेळी तोच कॉल, नवीन नाही.

मग टाइम्डलॉकला हाक मारणाऱ्या आमच्या फंक्शनमध्ये शिरलो आणि ती "कधीपर्यंत" वाली वेळ छापली. १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा दहा आकडी आकडा, १५३३ ने सुरू होणारा. तुम्ही दिवसभर लॉग वाचत असाल तर तुम्हाला माहिती असेल, टाइमस्टॅम्पचे पहिले चार आकडे डोळ्यांत बसलेले असतात, आणि त्या दिवसांत सगळं १५२५ ने सुरू व्हायचं. १५३३? डेट कमांडला दिला. उत्तर आलं, ५ ऑगस्ट २०१८, रविवार.

माझा थ्रेड ५ ऑगस्टपर्यंत थांबायला बसला होता. बरोब्बर ८९ दिवस.

काकांना फोन लावला. "काका, सकाळी काही केलंत का डबड्याला?" तर म्हणाले पहाटे लाइट गेली होती, आली तेव्हा डिस्प्लेवर तारीख भलतीच दाखवत होता, म्हणून मी आपली घातली. काय घातली? "आजची की ओ. आठ पाच अठरा."

आणि आमच्या त्या स्क्रीनवर आधी महिना मग दिवस असं होतं. ज्याने कोणी ते डिस्प्लेचं मेन्यू बनवलं त्याने कुठूनतरी अमेरिकन पद्धत उचललेली आणि आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. आठवा महिना, पाचवा दिवस. बारा तारखेच्या पुढे असता तर स्क्रीनने "चुकीची तारीख" म्हणून नाकारलं तरी असतं, पण तारीख नेमकी आठ. बोर्डवरच्या घड्याळाचा छोटा सेल संपलेला, म्हणून लाइट गेल्यावर तारीख गेली. नेटवर्क नव्हतं म्हणून सर्व्हरकडून वेळ आली नाही. काकांची काही म्हणजे काही चूक नाही, त्यांनी आठ मे म्हणजे आठ पाच घातलं, कोणीही तेच घालेल.

मग ९:४२ ला नेटवर्क आलं. सर्व्हरने खरी वेळ सांगितली. त्या क्षणी डबड्याच्या मते ५ ऑगस्ट होता. सेटिंगच्या थ्रेडने बफर लॉक घेतलं. वाचणाऱ्याने हातात बस धरून बफर मागितलं, "५ ऑगस्ट, आत्ताची वेळ अधिक दोन सेकंद, तिथपर्यंत थांबतो". आणि सेटिंगच्या थ्रेडने घड्याळ ८९ दिवस मागे नेलं. वाचणाऱ्याचा शब्द कायम, मी ५ ऑगस्टच्या त्या क्षणापर्यंत थांबणार म्हणजे थांबणार. दोन सेकंदांचे शहात्तर लाख नव्वद हजार सेकंद झाले. आणि योगायोगही फार मोठा नाही हो, घड्याळ बदलायचं काम लॉक धरूनच व्हायचं, आणि वाचणारा थ्रेड बहुतेक वेळ बस हातात घेऊनच असायचा, म्हणजे जेव्हा जेव्हा घड्याळ जोरात मागे जाईल तेव्हा हे जुळून यायची शक्यता भरपूर होती. मीच ती जुळवून ठेवली होती.

पीथ्रेड म्यूटेक्स टाइम्डलॉक जी वेळ घेतं ती क्लॉक रिअलटाइमची, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची, जे कोणीही पुढेमागे करू शकतं. माणूस करतो, एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय, करतं, सर्व्हर करतो. "कधीपर्यंत" देण्यात तसं वाईट काही नाही, उलट सोयीचं आहे, दोन लॉक मिळून एकूण दोन सेकंद द्यायचे असतील तर तोच क्षण दोघांना देता येतो, मधेच जाग आली तर उरलेला वेळ परत मोजायला लागत नाही. वाईट हे की तो क्षण अशा घड्याळावर सांगायचा जे हलतं. लिनक्समध्ये दुसरं घड्याळ आहे, क्लॉक मोनोटॉनिक, ते कधी मागे जात नाही, त्याला तारीख वार काही माहिती नसतं, फक्त पुढे चालत राहतं. पण २०१८ साली म्यूटेक्सला ते घड्याळ देताच यायचं नाही. पीथ्रेड म्यूटेक्स क्लॉकलॉक नावाचं फंक्शन, ज्यात घड्याळ कोणतं ते सांगता येतं, ते जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी, तिच्या २.३० मध्ये आलं, ऑगस्ट २०१९ मध्ये. पॉझिक्समध्ये तर २०२४ च्या आवृत्तीत. सी प्लस प्लसवाले म्हणतील आमच्याकडे टाइम्ड म्यूटेक्स आहे, त्यात "ट्राय लॉक फॉर" ला सरळ दोन सेकंद देतो, आम्हाला काय त्याचं. तर भाऊ, जीसीसी कंपायलरच्या १० व्या आवृत्तीआधी लिनक्सवर ते आतून हेच भिंतीवरचं घड्याळ वापरायचं. जुना टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि लायब्ररींचा संच, घेऊन बसलेल्या एम्बेडेडवाल्यांनी हे एकदा बघून घ्या, आणि आपल्यात जुना टूलचेन घेऊन न बसलेले आहेत किती.

घड्याळाने लॉक बिघडवायची ही पहिली वेळ नव्हती. ३० जून २०१२ ला लीप सेकंद, म्हणजे घड्याळात मुद्दाम घातलेला एक जास्तीचा सेकंद, आला, आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेपाचची वेळ. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक बग होता, त्या जास्तीच्या सेकंदानंतर कर्नेलच्या आतलं टायमरचं घड्याळ आणि खरी वेळ यांच्यात एका सेकंदाचा फरक राहिला, त्यामुळे एका सेकंदापेक्षा कमी वेळ थांबणारे थ्रेड झोपायला गेले की लगेच टाइमआउट होऊन जागे, परत झोप, परत जागे. जगभर जावा आणि मायएसक्यूएलची मशिन्स शंभर टक्के सीपीयू खात बसली. उपाय काय होता माहितीये? डेट कमांडने आत्ताची वेळ परत तीच सेट करायची. बस. घड्याळाला एक टपली. आमच्याकडे थ्रेड उठतच नव्हता, तिथे झोपतच नव्हता, एवढाच फरक.

तर त्या रात्री प्रोसेस मारून परत सुरू केली, तापमान हललं, काकांना सांगितलं झालं. चार पॉइंट दोनचं चार पॉइंट सहा झालं होतं, म्हणजे तेवढं काही बिघडलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी दादासमोर बसलो. मला वाटलं होतं तो घड्याळाबद्दल बोलेल. त्याने आधी कागदावर दोन बाण काढले आणि विचारलं, रीडिंग बफरमध्ये टाकताना बस हातात कशाला लागते? वाचून झालं ना, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेव, बस सोड, मग बफर घे. खरंच लागत नव्हती. सवयीने धरली होती. सेटिंगच्या थ्रेडचंही तेच, घड्याळ बदल, बफर सोड, मग डिस्प्लेला सांगायला बस घे. दोन्ही लॉक एकत्र घ्यायची गरज सबंध प्रोग्रॅममध्ये फक्त एका जागी उरली, तिथे नियम केला, आधी बस मग बफर, उलटं कोणी घ्यायचं नाही. चाळीसेक ओळी बदलल्या. ज्या कामाला "सगळी रचना बदलावी लागेल" म्हणून मी दीड महिना टाळत होतो ते जेवणाच्या सुट्टीआधी संपलं, याचं जास्त वाईट वाटलं.

टाइमआउट तरी ठेवायचाच होता, पण दुसऱ्या कामासाठी, ते सांगतो. मोनोटॉनिक घड्याळ पाहिजे म्हणून मग म्यूटेक्सवर थेट न थांबता एक कंडिशन व्हेरिएबल, म्हणजे कोणीतरी उठवेपर्यंत थ्रेडला थांबवणारी सोय, घेतला, त्याला बनवतानाच मोनोटॉनिक घड्याळ लावून देता येतं, ते आधीपासून होतं, आणि "कोणी घेतलंय का" असा एक झेंडा, त्या झेंड्याचं रक्षण करायला एक साधा म्यूटेक्स जो दोनचार इन्स्ट्रक्शनपुरताच घेतला जातो. म्हणजे घरच्या घरी बनवलेलं टाइमआउटवालं लॉक. सुंदर नाही, पण चालतं. आज नवीन जीलिबसी असेल तर हे करू नका, क्लॉकलॉक वापरा.

दुसऱ्या भाषांत हा घड्याळाचा त्रास सहसा अंगावर येत नाही कारण तिथे "किती वेळ" असंच देतात. जावात रीएंट्रंट लॉकला ट्रायलॉक आहे, सिंक्रोनाइज्डला मात्र टाइमआउट नाही म्हणजे नाही. पायथनमध्ये ३.२ पासून अक्वायरला टाइमआउट देता येतो, पण विथ लिहून लॉक घेतलं तर नाही. गो वाल्यांनी १.१८ मध्ये ट्रायलॉक दिलं आणि डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून टाकलं की याचा बरोबर वापर क्वचितच असतो, टाइमआउट तर दिलाच नाही, पाहिजे तर चॅनल आणि सिलेक्ट वापरा. मला त्यांचा हा आडमुठेपणा पूर्वी खटकायचा, आता पटतो.

पण माझी जी खरी चूक, टाइमआउट झाला तरी हातातलं न सोडण्याची, ती कुठल्याही भाषेत करता येते. डेटाबेसमध्येसुद्धा. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये रो लॉकसाठी, म्हणजे टेबलातल्या एका ओळीच्या लॉकसाठी, ५० सेकंद थांबतात, ही डिफॉल्ट सेटिंग, मग एरर १२०५ येते. आता ही एरर आली की काय रोलबॅक, म्हणजे रद्द, होतं? फक्त ते शेवटचं स्टेटमेंट. अख्खं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र बांधलेली सगळी स्टेटमेंट, नाही. म्हणजे त्याआधी याच ट्रान्झॅक्शनने घेतलेली रो लॉक तशीच हातात, आणि वरचा कोड एरर पकडून "रीट्राय" करतोय. ओळखीचं वाटतंय का? सोळा हजार ओळींचा लॉग. त्या पोराला मी हे दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, कारण त्याच्याच दुसऱ्या सर्व्हिसमध्ये असा लूप होता.

आणि आकडा. दोन सेकंद कुठून आणले होते मी? कुठून नाही, बरा वाटला. नंतर बसून हिशोब केला. सोळा सेन्सर, ९६०० च्या स्पीडने एकेकाला तीसचाळीस मिलिसेकंद, म्हणजे सगळं सुरळीत असेल तर एक फेरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण वायर तुटली आणि एकही सेन्सर उत्तर देईना तर? प्रत्येकासाठी १०० मिलिसेकंद वाट बघायची, तीनदा विचारायचं, सोळा गुणिले तीन गुणिले शंभर, ४.८ सेकंद. म्हणजे डेडलॉक वगैरे काही नसताना, सगळा कोड शहाण्यासारखा वागत असताना, फक्त वायर तुटली म्हणून बस लॉक पावणेपाच सेकंद रास्तपणे कोणाच्या तरी हातात असू शकतं, आणि माझा दोन सेकंदांचा टाइमआउट तेव्हा उगाच बोंबलणार. मग लोक त्या ओळीकडे बघायचं बंद करतात. आमच्या म्यूट केलेल्या अलार्मसारखं.

म्हणून आता तो दहा सेकंद आहे आणि त्याचं काम लॉक मिळवणं नाहीच. लॉकचा क्रम बरोबर असेल तर दहा सेकंद थांबायची वेळ येताच कामा नये. आलीच तर कोणाच्या हातात लॉक आहे, तो थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये आहे, हे लॉगमध्ये लिहायचं आणि प्रोग्रॅमने स्वतःला संपवायचं, वॉचडॉग, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारी सोय, परत उठवतो. रीट्राय नाही, लूप नाही. १९९७ साली मंगळावर पाथफाइंडर उतरलं तेव्हा ते मधेच स्वतःला रीसेट करायला लागलं होतं, कारण कमी प्रायॉरिटीच्या कामाने एक लॉक धरलेलं, मधल्या प्रायॉरिटीचं काम त्याला सीपीयू मिळू देईना, आणि वरच्या प्रायॉरिटीचं काम खोळंबलेलं, प्रायॉरिटी इनव्हर्जन म्हणतात ते. पृथ्वीवरून त्या म्यूटेक्सची प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सेटिंग चालू करून ते दुरुस्त केलं. ते यान वेळेत काम झालं नाही म्हणून रीसेट झालं म्हणून निदान कळलं तरी. माझ्यासारखा लूप तिथे असता तर अजून ओळी छापत बसलं असतं.

रिव्ह्यूमधल्या पोराने सगळीकडचे टाइमआउट काढले, दोन ठेवले, आणि प्रत्येकावर हिशोबाची एक ओळ लिहिली, हा आकडा का. मी त्यातल्या एकावर भांडलो, पोरगाच बरोबर निघाला.

तासगावच्या डबड्यावर डिस्प्लेमध्ये आता महिना अक्षरांत येतो, आणि सेल वर्षातून एकदा बदलतात. तो दहा सेकंदांचा टाइमआउट माझ्या माहितीत आजवर दोनदाच झालाय. पहिल्यांदा एकाने नवीन फीचर टाकताना लॉक उलट्या क्रमाने घेतली होती, ओनरचा नंबर आणि फंक्शनचं नाव लॉगमध्ये होतं, दहा मिनिटांत सापडलं. दुसऱ्यांदा आम्ही दोन दिवस कोड वाचत बसलो, काही मिळेना, बस लॉक हातात असलेला थ्रेड पोर्टवर लिहायला गेला तो परतच आला नव्हता. शेवटी काकांनी डबड्याचं झाकण उघडून फोटो पाठवला, कन्व्हर्टरची वायर उंदराने कुरतडली होती.